सेंद्रिय शेतीच्या मांडवात व्यापाऱ्याची खुर्ची रिकामी का?

वऱ्हाडात शेती बुडाली की बाजार बुडतो, हे सांगायला कोणा अर्थपंडिताची गरज नाही. कापसाचा चुकारा हाती पडला की बार्शीटाकळीच्या कापड दुकानात गिऱ्हाईक दिसते, गादीवाल्याच्या पिंजणीचा आवाज येतो, लग्नसराईत भांडी विकली जातात. सोयाबीन काढणीला आले असताना पाऊस लागला, तर दिवाळीपर्यंत दुकानदाराची वही उधारीनेच भरते. आमच्या व्यापाऱ्याची आणि कारागिराची रोजी अशी शेतकऱ्याच्या शिवाराला बांधलेली आहे. असे असूनही शेतीची चर्चा जेथे होते तेथे आमचा माणूस सहसा दिसत नाही. ही गोष्ट आम्हाला फार दिवसांपासून खटकत आहे, म्हणून आज या पानावर तिचा विचार करीत आहोत.

सेंद्रिय किंवा नैसर्गिक शेतीवर शनिवार-रविवारची दोन दिवसांची शिबिरे आणि परिषदा आता गावोगावी होतात. नागपुरात बीजोत्सव भरतो. अकोल्यात डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठात भाऊसाहेबांच्या जयंतीच्या, म्हणजे २७ डिसेंबरच्या सुमारास ॲग्रोटेक हे प्रदर्शन भरते आणि खरिपात पिके उभी असताना शिवार फेरी निघते. अशा मेळाव्यांत व्यासपीठावर शास्त्रज्ञ आणि अधिकारी असतात, समोर शेतकरी असतात. व्यापाऱ्याचे नाव निघते ते बहुधा ‘दलाल’ म्हणून, त्याला मधून काढून टाकण्याच्या संदर्भात. कारागिराचे तर नावही निघत नाही. इकडे आमचे व्यापारी म्हणतात, “ते शेतकऱ्यांचे काम आहे, आपल्याला काय त्याचे?” आमच्या मते दोन्हीकडे चूक आहे, आणि तिचा भुर्दंड दोघांनाही भरावा लागत आहे.

विषय आपल्याच जिल्ह्यांचा

सेंद्रिय शेती ही पुण्या-मुंबईच्या सुखवस्तू लोकांची हौस आहे, असा समज आमच्या बाजारपेठेत आहे. वस्तुस्थिती वेगळी आहे. ‘झिरो बजेट नैसर्गिक शेती’ हा शब्द देशभर नेणारे सुभाष पाळेकर अमरावती जिल्ह्यातील बेलोऱ्याचे. त्यांना २०१६ मध्ये पद्मश्री मिळाली. यवतमाळचे शेतकरी सुभाष शर्मा यांना याच क्षेत्रातील कामासाठी २०२५ मध्ये पद्मश्री जाहीर झाली. राज्य सरकारने २०१८ मध्ये डॉ. पंजाबराव देशमुख जैविक शेती मिशन सुरू केले, तेव्हा त्याचे मुख्यालय अकोल्यातच ठेवले. अमरावती, अकोला, बुलढाणा, वाशीम, यवतमाळ आणि वर्धा या शेतकरी आत्महत्यांनी होरपळलेल्या सहा जिल्ह्यांपासून त्याची सुरुवात झाली. पुढे ते ‘नैसर्गिक शेती मिशन’ या नावाने राज्यभर वाढविण्यात आले. म्हणजे ज्या गोष्टीसाठी परप्रांतांतून लोक वऱ्हाडात येतात, ती बार्शीटाकळीपासून सुमारे वीस किलोमीटरवर असून आम्ही तिकडे पाहत नाही.

थोडे मागे गेले तर असे दिसते की, या विद्येचा उगमही कापसाच्याच मुलखातला आहे. अल्बर्ट हॉवर्ड या इंग्रज शास्त्रज्ञाने १९२४ मध्ये इंदूरला कापूस संशोधनासाठी संस्था उभी केली. शेतातील काडीकचरा, शेण आणि माती यांपासून खत करण्याची जी पद्धत तेथे बसविली गेली, ती ‘इंदूर पद्धत’ म्हणून जगभर ओळखली जाते. यशवंत वाड या सहकाऱ्यासह त्यांनी १९३१ मध्ये त्यावर पुस्तक लिहिले. आपला शेतकरी उकिरड्यावर जे करीत होता, त्यालाच त्यांनी शास्त्राची शिस्त लावली.

मग आज हा विषय इतका तातडीचा का झाला? कारण रासायनिक शेतीचा हिशेब कोरडवाहू शेतकऱ्याला जमेनासा झाला. २००२ मध्ये बीटी कापसाला परवानगी मिळाली. सुरुवातीची काही वर्षे बोंडअळीवरच्या फवारण्या कमी झाल्या, हे मान्य केले पाहिजे. पण पुढे गुलाबी बोंडअळी त्या बियाण्याला दाद देईना. २०१७ च्या हंगामात तिने वऱ्हाडात कहर केला आणि त्याच हंगामात यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले. पाठीवर पंप घेऊन फवारणीला जाणाऱ्या मजुरांत आमच्या मोहल्ल्यांतील गरीब मुलेही असतात, हे आम्ही विसरू नये.

सरकारची दिशाही स्पष्ट आहे. केंद्रीय मंत्रिमंडळाने नोव्हेंबर २०२४ मध्ये राष्ट्रीय नैसर्गिक शेती अभियानास मंजुरी दिली. त्यासाठी २,४८१ कोटी रुपयांची तरतूद असून एक कोटी शेतकऱ्यांपर्यंत पोहोचण्याचे आणि १०,००० जैविक निविष्ठा केंद्रे उभारण्याचे उद्दिष्ट आहे. निविष्ठा केंद्र म्हणजे तयार जीवामृत, अर्क आणि खते मिळण्याचे ठिकाण, म्हणजे एका अर्थाने दुकानच. ते कोण चालविणार, त्याची टाकी आणि गाळणी कोण तयार करणार, हा प्रश्न आमच्या वाचकांचा आहे.

गल्ल्याचा हिशेब

आपण व्यापारी आहोत, तेव्हा हिशेबानेच बोलू. जीवामृताची प्रचलित कृती अशी आहे: २०० लिटर पाण्यात १० किलो शेण, ५ ते १० लिटर गोमूत्र, २ किलो गूळ, २ किलो बेसन आणि बांधावरची मूठभर माती. हे एका एकराला एका वेळेस पुरते आणि ते महिन्यातून एक-दोन वेळा द्यावयाचे असते. शेण आणि गोमूत्र शेतकऱ्याच्या गोठ्यातले. पण एखाद्या गावात १०० एकरांवर हा प्रयोग झाला, तर एका वेळेस २०० किलो गूळ आणि २०० किलो बेसन लागेल. तो माल किराणा दुकानदाराकडचाच. यासाठी भारी गूळही लागत नाही, काळा स्वस्त गूळ चालतो. २०० लिटरचे ड्रम भंगारच्या व्यापाऱ्याकडे मिळतात. फक्त एक काळजी घ्यावी लागते, ती म्हणजे ज्यात औषध किंवा ॲसिड भरलेले होते ते ड्रम या कामाला देऊ नयेत.

पाच टक्के निंबोळी अर्कासाठी १०० लिटर पाण्याला ५ किलो निंबोळीचा चुरा लागतो. वऱ्हाडात बांधाबांधावर कडुनिंब आहे आणि पावसाळ्याच्या तोंडाला निंबोळ्यांचा सडा पडतो. ती गोळा करून, वाळवून, भरडून वेळेवर देणारा माणूस मात्र गावात नसतो. शेतकऱ्याला अर्क हवा असतो तेव्हा निंबोळी नसते, आणि निंबोळी असते तेव्हा तो पेरणीत गुंतलेला असतो. हे अंतर भरून काढणे म्हणजेच व्यापार होय.

कारागिरांचे काम तर याहून मोठे आहे. तणनाशक मारावयाचे नाही म्हटले की डवरा आणि सायकल-कोळपे यांना मागणी येते. जीवामृत ठिबकमधून सोडायचे तर चांगली गाळणी हवी, नाहीतर नळ्या तुंबतात. पऱ्हाटी जाळण्याऐवजी तिचे तुकडे करून आच्छादन करायचे तर कुट्टी यंत्र हवे. ही यंत्रे बाहेरून आली की बिघडल्यावर वर्षभर कोपऱ्यात पडून राहतात. गावच्या वेल्डरने केलेले यंत्र गावातच दुरुस्त होते. कृषी विद्यापीठाने विकसित केलेली पीकेव्ही मिनी दाळ मिल हे या बाबतीत उत्तम उदाहरण आहे. अकोला दाळ मिलांसाठी प्रसिद्ध आहे, पण सेंद्रिय तूर मोठ्या मिलच्या ढिगात मिसळली की तिची ओळख संपते. पिंजर, महान किंवा धाब्याच्या शेतकऱ्याची तूर बार्शीटाकळीतच भरडून पाकिटात भरली, तर तिची ओळख टिकते आणि भरडाईची मजुरी गावातच राहते.

आमच्या पिंजारी-नदाफ बांधवांसाठी एक गोष्ट मुद्दाम सांगावीशी वाटते. विद्यापीठाचे एकेए-७ आणि एकेए-८ यांसारखे देशी कापसाचे वाण आहेत. आखूड धाग्याचा हा कापूस गादी-रजईला चांगला. सूतगिरण्यांना लांब धागा हवा म्हणून तो मागे पडला, आणि फोमच्या गादीमुळे पिंजाऱ्याचा धंदाही मागे पडला. बिनफवारणीच्या देशी कापसाची लहान मुलांची गादी किंवा बाळंतिणीची रजई यांना शहरात गिऱ्हाईक मिळू शकते. मात्र ‘हा कापूस अमुक गावच्या अमुक गटाचा आहे’ असे सांगता आले पाहिजे, आणि ते खरे असले पाहिजे.

विश्वास हेच भांडवल

येथेच खरा प्रश्न सुरू होतो. सेंद्रिय माल आणि साधा माल डोळ्यांनी ओळखू येत नाही. तूर हातात घेऊन तिचा दाणा पारखता येतो, ती कशी पिकविली हे पारखता येत नाही. गिऱ्हाईक जास्त पैसे देते ते केवळ शब्दावर. म्हणून या व्यापारात खोटेपणाचा मोह मोठा आहे आणि त्याची शिक्षाही मोठी आहे.

हे नुसते नीतीचे बोल नाहीत. ऑक्टोबर २०२० मध्ये सेंद्रिय कापडाचे जागतिक मानक सांभाळणाऱ्या गॉट्स या संस्थेने भारतातील सेंद्रिय कापसाचा मोठा घोटाळा उघड केला. सुमारे २०,००० टन कापूस बनावट व्यवहार-प्रमाणपत्रांवर सेंद्रिय म्हणून दाखविला गेला होता. ११ कंपन्यांवर प्रमाणपत्रबंदी आली. पुढे जानेवारी २०२१ मध्ये अमेरिकेने भारताच्या सेंद्रिय तपासणी व्यवस्थेला दिलेली मान्यता काढून घेतली. या घटनांचा फटका कोणाला बसला? ज्या शेतकऱ्याने खरोखर फवारणी केली नव्हती त्याला, आणि ज्या व्यापाऱ्याने प्रामाणिकपणे माल वेगळा ठेवला होता त्याला. बाजारात एकाने वजनात मारले की साऱ्या पेठेची तराजू संशयाखाली येते, तसेच हे झाले.

पुष्कळदा बनवेगिरीचा हेतूही नसतो, केवळ अज्ञानाने माल बाद होतो. सेंद्रिय म्हणून घेतलेली तूर गोदामात ठेवली आणि किड्यांसाठी सवयीने सेल्फॉसच्या गोळ्या टाकल्या, की ती तूर सेंद्रिय राहिली नाही. खताच्या जुन्या पोत्यांत माल भरला, तरी तेच. जिनिंगमध्ये आधीच्या साध्या कापसाची रुई यंत्रात शिल्लक असताना सेंद्रिय कापूस घातला, तर गाठीत भेसळ झाली. शेतकऱ्याने तीन वर्षे राखलेली शुद्धता व्यापाऱ्याच्या गोदामात एका रात्रीत जाते. म्हणून आम्ही म्हणतो की, या शिबिरांना व्यापारी, अडते आणि हमाल-मापारी यांना बोलाविल्याशिवाय शेतकऱ्याला दिलेले शिक्षण अर्धेच राहते.

प्रमाणपत्राची पद्धतही आमच्या लोकांनी समजून घेतली पाहिजे. परदेशी पाठवायच्या मालासाठी २००१ पासून एनपीओपी ही व्यवस्था आहे. तिच्यात शेतापासून जिनिंगपर्यंत प्रत्येक टप्प्याची नोंद लागते, आणि माल एका हातातून दुसऱ्या हातात जाताना व्यवहार-प्रमाणपत्र लागते. देशातील बाजारासाठी पीजीएस ही सोपी आणि स्वस्त व्यवस्था आहे. तिच्यात किमान पाच शेतकऱ्यांचा गट एकमेकांच्या शेताची तपासणी करतो. शेतकरी स्वतः थेट गिऱ्हाइकाला विकतो तेव्हा लहान उत्पादकाला नियमांत सूट आहे. दुकानदार ‘सेंद्रिय’ असे लिहून विकतो तेव्हा मात्र त्याच्याकडे कागद असावा लागतो. पाटी लावण्याआधी एवढे माहीत असणे आवश्यक आहे.

भाबडेपणाही नको

या शिबिरांत काही वक्ते असे बोलतात की जणू उद्यापासून खताची गोणी बंद केली की परवा सुबत्ता येईल. आम्हाला हे मान्य नाही. २०१९ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात झिरो बजेट शेतीचा गौरवाने उल्लेख झाला, त्याच वर्षी राष्ट्रीय कृषी विज्ञान अकादमीने या पद्धतीच्या दाव्यांविषयी शंका व्यक्त केली. दोन्ही बाजू ऐकल्या पाहिजेत. श्रीलंकेने २०२१ मध्ये रासायनिक खतांवर एकाएकी बंदी घातली. भाताचे आणि चहाचे उत्पादन घसरले, आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये सरकारला माघार घ्यावी लागली. एक-दोन एकरांपासून सुरुवात करून टप्प्याटप्प्याने जाणे, हाच शहाणपणाचा मार्ग आहे.

रूपांतराचा काळ हा सर्वांत कठीण असतो. हंगामी पिकांना दोन वर्षे आणि फळबागेला तीन वर्षे नियम पाळल्यावरच पूर्ण प्रमाणपत्र मिळते. या काळात उत्पादन बहुधा घटते आणि भाव मात्र साधाच मिळतो. शिवाय ४५ किलो युरियाची गोणी सरकारी सवलतीमुळे २६६ रुपये ५० पैशांना मिळत असताना, शेणखत वाहून नेण्याची मजुरीच त्याहून अधिक होते. कापसात तर बियाण्यापासून अडचण आहे. सेंद्रिय प्रमाणपत्राला बीटी बियाणे चालत नाही, आणि बाजारात बहुतेक बियाणे बीटीच आहे.

निर्यातीवरही सगळी भिस्त ठेवू नये. अमेरिकेत भारताच्या सेंद्रिय सोयाबीन ढेपेला चांगली मागणी होती. २०२२ मध्ये तेथील सरकारने तिच्यावर जबर शुल्क लावले. दूरच्या देशात एक सही झाली आणि इथल्या मालाचा रस्ता अडला. अकोला, अमरावती, नागपूरचे गिऱ्हाईक त्यापेक्षा भरवशाचे.

गोठ्याचा प्रश्न तर कोणी मांडवात काढीतच नाही. शेणावर चालणाऱ्या शेतीला जनावर लागते. महाराष्ट्रातील गाय-बैलांची संख्या २०१२ च्या पशुगणनेत सुमारे एक कोटी ५५ लाख होती, ती २०१९ मध्ये सुमारे एक कोटी ४० लाखांवर आली. ट्रॅक्टर आला, वैरण महागली, चराईची जागा गेली. त्यात २०१५ च्या कायद्याने गायीसोबत बैल आणि वळूंच्या कत्तलीवरही बंदी आली, त्यामुळे म्हाताऱ्या बैलाची किंमत बाजारात उरली नाही. २०२५ मध्ये कुरेशी बांधवांनी खरेदी थांबविली, तेव्हा गुरांचे बाजार ओस पडले आणि त्याची झळ शेतकऱ्यालाच बसली. कायद्याच्या बाजूने वा विरुद्ध कोणाचे काहीही मत असो, जनावर ठेवणे शेतकऱ्याला परवडले पाहिजे एवढे तरी सर्वांनी मान्य करावे. जनावर परवडत नसेल तर जीवामृताची कृती पाठ करून काय उपयोग? शेळीच्या लेंडीखताकडे तरी यानिमित्ताने लक्ष जावे, कारण शेळ्या आमच्या गरीब घरांतही असतात.

आणखी एक अवघड गोष्ट. खते-औषधे विकणारी कृषी केंद्रे आमच्यातील काहींचीही आहेत. पेरणीला हाच दुकानदार शेतकऱ्याला उधारीवर माल देतो, बँक दारात उभी करीत नाही तेव्हा हाच उपयोगी पडतो. त्याला खलनायक ठरवून चालणार नाही. पण शेतकरी कर्जात बुडाला तर याची उधारीही बुडते, हे त्यानेही जाणावे. दुकानाच्या एका कप्प्यात निंबोळी अर्क, कामगंध सापळे आणि देशी बियाणे ठेवण्यापासून तो सुरुवात करू शकतो.

बार्शीटाकळीत काय करता येईल

आमच्या सूचना साध्या आहेत.

१) पुढील शिवार फेरीला आणि ॲग्रोटेकला बाजारपेठेतून व्यापारी आणि कारागीर यांनी मिळून जावे. वेल्डरने यंत्रे पाहावीत, पिंजाऱ्याने कापूस पाहावा, किराणावाल्याने दाळ मिल पाहावी.

२) तालुक्यातील कोणते शेतकरी गट नोंदलेले आहेत, त्यांच्याकडे कोणता माल किती आहे, याची यादी कृषी कार्यालयातून घ्यावी. माल कोठे आहे हेच माहीत नसेल तर धंदा कसा होणार?

३) दोन-तीन व्यापाऱ्यांनी मिळून एक लहान गोदाम फक्त या मालासाठी ठेवावे. नवी पोती, वेगळी नोंदवही, गोळ्या नाहीत.

४) रूपांतराच्या काळातील माल ‘सेंद्रिय’ म्हणून विकू नये. ‘रूपांतर चालू असलेला’ असेच सांगून विकावा आणि शेतकऱ्याला थोडा तरी जास्त भाव द्यावा.

५) शक्य झाल्यास एखाद्या शनिवार-रविवारी बार्शीटाकळीतच दोन दिवसांची बैठक घ्यावी. पहिल्या दिवशी शेतकऱ्यांनी अडचणी सांगाव्यात, दुसऱ्या दिवशी व्यापारी आणि कारागिरांनी आपण काय देऊ शकतो ते सांगावे. भाषणे कमी आणि सौदे जास्त व्हावेत.

यांतील कोणत्याही गोष्टीला मोठे भांडवल लागत नाही. एखादा हंगाम वेळ द्यावा लागेल, आणि पहिल्या वर्षी नफा दिसणार नाही हे मनाशी धरून चालावे लागेल. बागवान पहाटे मळ्यावर जातो, अडत्या चुकाऱ्याच्या वेळी शेतकऱ्याच्या समोर बसतो, लोहार त्याच्या वखराला पाणी देतो. शेतकऱ्याशी आमचा संबंध पिढ्यांचा आहे. त्याच्या शेतात काही नवे घडत असेल, तर ते आम्हाला वर्तमानपत्रातून कळावे ही काही भूषणाची गोष्ट नाही.

सेंद्रिय शेती सगळ्या वऱ्हाडाचे दुःख दूर करील, असा दावा आम्ही करीत नाही. परंतु तिच्यात जो काही बाजार उभा राहील, तो प्रामाणिक मध्यस्थावाचून टिकणार नाही, हे २०२० च्या घोटाळ्याने दाखवून दिले आहे. ‘दलाल हटाव’ म्हणणाऱ्यांना उत्तर द्यावयाचे असेल तर ते चोख मापाने, स्वच्छ गोदामाने आणि खऱ्या नोंदवहीने द्यावे लागेल. मांडवातली ती खुर्ची आज रिकामी आहे. आपण बसलो नाही तर उद्या मोठ्या कंपनीचा माणूस तिच्यावर येऊन बसेल, आणि मग तक्रार करण्यात अर्थ राहणार नाही.